मिनूने न वाजवलेलं

मंडळी, बसून घ्या. दाराशी उभे आहेत त्यांनी पुढे या, बाकांवर जागा आहे. इंदूकाकी, तुम्ही पंख्याखाली बसा.

मला बोलायला सांगितलं तेव्हा मी नको म्हटलं होतं. आयुष्यभर डबलबारीत, दोन बुवांच्या सामन्यात, भजनं केली, समोरच्या बुवाला शब्दांत धरलं, आडवं घातलं, पण तोंड कधी बंद पडलं नाही. आज पडतंय. समोर फोटो आहे, फोटोला हार आहे, आणि फोटोतली बाई माझ्याकडे बघून हसते आहे. म्हणते आहे, "बुवानू, आता काय बोलतलास?" काय बोलतलंय, मिनू? सांग तूच.

पुण्याचे पाहुणे आले आहेत, इराला आपली मालवणी सगळी कळत नाही, म्हणून शुद्धात बोलतो. मध्येच घसरलो तर सांभाळून घ्या.

पाहुण्यांना मृणाल माहीत आहे, आम्हाला मिनू. माझ्या शेजारची, आबा मानकऱ्यांची मुलगी. व्हायोलिन वाजवायची. पुण्यात शिकली, मग जर्मनीत जाऊन शिकली, तिथेच लग्न, संसार, आणि आबा गेल्यावर मुलीला घेऊन तोंडवलीत परत आली. ती मुलगी म्हणजे ही इरा. आता नोकरीला बंगळूरला असते.

मिनूचं संगीत कसं होतं? एका बाजूला जिवंत माणसं: तिचं व्हायोलिन, आपल्या दिगूचा पखवाज, माझी पेटी. दुसऱ्या बाजूला तिचा लॅपटॉप. आम्ही वाजवलेलं तो ऐकणार आणि चार कोपऱ्यांतल्या स्पीकरांतून त्याला उत्तर देणार. पाठीमागे मांडवाचं पांढरं कापड, त्यावर चित्र हलणार, तेसुद्धा आमच्या आवाजावर. बाहेरच्या मोठ्या शहरांत याला फार मान आहे म्हणतात. आपण याला 'मिनूचो कारखानो' म्हणायचो. तिलाही ते ठाऊक होतं. ती हसायची.

ती गेली. सकाळी चहाचं आधण ठेवलं आणि तिथेच खाली बसली, ती उठली नाही.

आज आपण तिला श्रद्धांजली वाहायला जमलो आहोत, असं बाहेरच्या फळ्यावर लिहिलं आहे. माझा संशय असा आहे की आपण नुसते त्यासाठी जमलेलो नाही. सभा संपली की इराला पाहुण्यांना एक उत्तर द्यायचं आहे. हो म्हणायचं की नाही. ते उत्तर कशाबद्दल आहे हे गावाला माहीत नाही. मला माहीत आहे. आणि मला माहीत असताना मी इथे नुसता 'मिनू फार गुणी होती' म्हणून खाली बसलो, तर घरी गेल्यावर बायको माझ्या ताटात भात वाढायची नाही.

आधी माझ्या स्वभावाबद्दल. मी संशयी आहे. लपवण्यासारखं काही नाही, सगळा तालुका जाणतो. बाजारात मी बांगड्याचा कल्ला उघडून बघतो, आणि मग बांगड्याकडे नाही, विकणारीच्या तोंडाकडे बघतो. डबलबारीनेच मला हे शिकवलं. समोरचा बुवा तुमची स्तुती करायला लागला की समजावं, पुढच्या गजरात तो तुमचा कासोटा सोडणार आहे.

तर ही मिनू एक दिवस माझ्या खळ्यात, म्हणजे अंगणात आली. हातात माइक. म्हणाली, "बुवानू, तुमची पेटी माका रेकॉर्ड करूची आसा." मी म्हटलं, कर, कुठला अभंग वाजवू? तर म्हणते, "अभंग नुको. सूरच नुको. भाता ओढताना तुमची पेटी श्वास घेता, तो माका व्हयो."

आता सांगा, कुणाला राग येणार नाही? मी विचारलं, "कित्या गो? माझे सूर वायट आसत?"

"सूर सगळ्यांकडेच आसत," ती म्हणाली. "ह्यो श्वास तुमच्याच पेटयेचो आसा."

गोड बोलली. म्हणजे संशय आलाच. मी दिला श्वास, पण तिच्या तोंडाकडे बघत दिला.

मग तिने मला तालमीला बोलावलं. मी पेटी वाजवायची आणि लॅपटॉपने मला उत्तर द्यायचं. मला वाटलं, हे सगळं आधीच भरून ठेवलेलं असणार. कळ दाबली की वाजत असणार. लोकांना काय कळतं? म्हणून मी तिला न सांगता वाजवता वाजवता मध्येच वाट सोडली आणि माझ्या बारीतली एक तिरपी चाल घेतली. भल्याभल्या बुवांना आरोंद्याच्या सामन्यात मी त्या चालीवर गप्प केलंय. लॅपटॉप गप्प झाला नाही. माझ्या मागोमाग आला. माझीच चाल घेतली, लांब केली, आणि कापडावरचं चित्रसुद्धा त्या बाजूला कलंडलं. दिगू पखवाज सोडून बघत राहिला.

दुसरा कोणी असता तर खूश झाला असता. माझा संशय दुप्पट झाला. आपलं बोलणं इतक्या लक्षपूर्वक कोण ऐकतो? बायको ऐकत नाही, मुलगे ऐकत नाहीत. जो इतकं ऐकतो, तो ते पुढे कुठेतरी जाऊन सांगणार.

आणि तसंच झालं की नाही, ते आता सांगतो.

याच सभागृहात मिनूने पहिला कार्यक्रम केला, आठवतो? त्याचं नाव तिने ठेवलं होतं 'गाऱ्हाणं'. पाहुण्यांसाठी सांगतो. आमच्याकडे देवापुढे गाऱ्हाणं घालतात. मानकरी उभा राहतो आणि सगळ्यांच्या वतीने देवाला मोठ्याने सांगतो, बाबा रे, हे असं असं आहे, याला सांभाळ, त्याला परत हाड, म्हणजे आण, त्याची इडापीडा टाळ. प्रत्येक मागणीच्या शेवटी तो म्हणतो 'रे म्हाराजा', आणि जमलेला सगळा गाव म्हणतो 'व्हय म्हाराजा'. या 'व्हय'ला वजन आहे. 'व्हय' म्हटलं की ते गाऱ्हाणं तुमचंही झालं. उद्या तुम्हाला म्हणता येत नाही, मी नव्हतो बाबा त्यात.

आबांचा आवाज गाऱ्हाण्यासाठी प्रसिद्ध होता. मिनूजवळ त्यांची एक जुनी कॅसेट होती. तिने तो आवाज लॅपटॉपात घातला. त्या दिवशी या हॉलमध्ये तो आवाज चारी कोपऱ्यांतून फिरला. कधी नुसतं 'बा' एवढंच, कधी घरघर, कधी वाऱ्यासारखं लांब काहीतरी. आबांचा आवाज आहे हे कुणाच्या लक्षातही आलं नाही. कापडावर देवळाच्या पायऱ्या दिसत होत्या, वर जाणाऱ्या, पण देऊळ दिसत नव्हतं. लोक कंटाळले होते. खोटं कशाला बोला? मागे दोघेतिघे उठूनही गेले होते. आणि अचानक सगळे तुकडे जुळले. स्वच्छ, खणखणीत, आबा मानकरी: "सुखरूप परत हाड रे म्हाराजा!"

आणि आपण सगळे काय म्हणालो?

व्हय म्हाराजा!

सगळा हॉल म्हणाला. इंदूकाकी म्हणाल्या. मी पेटीवर बसलेला, मला आधी तालीम दिलेली, मीसुद्धा म्हणालो! आणि त्या लॅपटॉपने आपलं 'व्हय' ऐकलं, उचललं आणि चारी कोपऱ्यांतून आपल्यावरच उलटं टाकलं. गाव आपल्याच आवाजाला दचकला.

दुसऱ्या दिवशी मिनूच्या खळ्यात माणसं जमली. इंदूकाकी पुढे. काकींनी विचारलं ते मला जसंच्या तसं आठवतं. "मिने, आमी व्हय म्हटला ता कोणाक गो? आबा जावन वर्सां झाली. मेलल्या माणसाच्या गाऱ्हाण्याक व्हय म्हटला तर ता खंय पोचता? आणि त्या डब्याक म्हटला असला तर मगे आमचा काय?"

हसू नका. प्रश्न बरोबर होता. मी काकींच्या बाजूला उभा होतो. आपण होकार दिला तो कुणाला दिला, हे माणसाला कळायला नको?

मिनू पायरीवर बसली होती. ती म्हणाली, "काकी, आबांचो आवाज मी ताणलंय, कापलंय, फिरवलंय. पण आबा जो बोलूक नाय, असो येक शब्द मी तेंच्या तोंडात घालूक नाय. तुमी व्हय म्हटलात ता आबांकच म्हटलात."

काकींना पटलं. मला नाही पटलं. मी म्हटलं, कॅसेट दे. तिने लगेच दिली. लगेच दिली म्हणून आणखी संशय. घरी माळ्यावरून जुना टेपरेकॉर्डर काढला आणि ऐकत बसलो. मंडळी, ते देवळातलं गाऱ्हाणं नव्हतंच. घरचं होतं. मिनू जर्मनीला निघाली त्या दिवशी आबांनी देव्हाऱ्यापुढे उभं राहून घातलेलं. नवीन टेप कशी चालते बघायला तिनेच बटण दाबून ठेवलं असावं. आबा म्हणतात, "बा देवा म्हाराजा, ह्या लेकरू परमुलखाक जाता. तेका वाटेत सांभाळ, आणि जा काय शिकात ता घेवन तेका सुखरूप परत हाड रे म्हाराजा!"

आणि पुढे काही नाही. नुसती खरखर. आत कुठेतरी भांडं वाजतं. 'व्हय' म्हणायला घरात कुणी नव्हतंच. मिनूची आई आधीच गेलेली. उरली मिनू, आणि गाऱ्हाणं तिच्याचसाठी, ती कशी म्हणणार?

ती रिकामी जागा तिने कार्यक्रमात तशीच ठेवली होती. आणि आपण सगळे त्या जागेत जाऊन पडलो. इतक्या वर्षांनी, ती परत आल्यावर, आबा गेल्यावर, गावाने व्हय म्हटलं.

मी तिला विचारलं, "मिनू, तू आमका मुद्दाम फसवलंस मा?" ती म्हणाली, "नाय हो बुवानू. माका वाटला, कोणच कायच म्हणूचो नाय." खरं बोलली की नाही, देव जाणे. मला अजून संशय आहे. पण एक गोष्ट मी शब्दाशब्दाला तपासली होती आणि ती खरी निघाली. आबा जे बोलले नाहीत, ते तिने आबांकडून बोलवून घेतलं नव्हतं.

आता आजच्या उत्तराबद्दल.

मिनू शेवटी एक नवीन काम करत होती, 'पुळण' नावाचं, पुळण म्हणजे किनाऱ्यावरची वाळू. व्हायोलिन, माझी पेटी, लॅपटॉप, आणि कापडावर ओल्या वाळूचं चित्र. ते अर्धं राहिलं. पाहुण्यांमध्ये देवदत्तसर आहेत, त्यांनी पुण्यात मिनूचे बरेच कार्यक्रम केले. सर चांगले आहेत. चांगले आहेत म्हणून मी त्यांच्याकडे नीट बघून घेतलं. सरांनी इराला सांगितलं, मृणालताईंचं सगळं वाजवणं आमच्याकडे साठवलेलं आहे. त्यावरून संगणक शिकतो. ताई पुढे काय वाजवतील ते तो वाजवील. 'पुळण' पुरं होईल. पुण्यात मोठा कार्यक्रम करू. पडद्यावर त्या व्हायोलिन घेऊन उभ्या असतील. अगदी असल्यासारख्याच वाटतील. आणि मग माझ्याकडे वळून म्हणाले, बुवा, तुमची पेटी मात्र प्रत्यक्षच हवी, तुमच्याशिवाय होणार नाही.

माझी स्तुती झाली. बस्स. मला कळायचं ते कळलं.

सर, रागावू नका. तुम्ही तिच्यावर प्रेम करता, याबद्दल मला संशय नाही. तुम्हाला ते हुबेहूब जमेल, याबद्दलही नाही. उलट तीच भीती आहे. वाईट झालं तर लोक उठून जातील, प्रश्न मिटला. पण छान झालं तर? लोक उभे राहून टाळ्या वाजवणार. त्या टाळ्या कुणाला? तिने न वाजवलेलं तिच्या नावावर ऐकून आपण मान डोलावणार. म्हणजे आपण व्हय कोणाक म्हटला गो?

आणि तरीही मी गप्प बसलो असतो. कारण इरा. ही मुलगी मला म्हणाली, "बुवाकाका, आईचं जुनं सगळं मला पाठ आहे. मला फक्त एकदा तिच्याकडून काहीतरी नवीन ऐकायचंय." यावर काय बोलणार? माझ्या आयुष्यातले सगळे संशय एका बाजूला ठेवा आणि हे वाक्य दुसऱ्या बाजूला ठेवा. मी घरी गेलो. बायकोने विचारलं, काय झालं, तर तिच्यावर ओरडलो.

परवा, दिवसकार्य आटोपल्यावर, इराने मला बोलावलं. म्हणाली, निदान झालंय तेवढं तरी वाजवून बघू. तिने लॅपटॉप सुरू केला, कापड लावलं. मी पेटी घेतली. सुरुवात माझीच आहे. मी वाजवलं, लॅपटॉपने उत्तर दिलं, कापडावर ओली वाळू आली, लाट यायची आणि परत जायची. छान चाललं होतं. मग एका जागी माझं संपतं आणि मिनूचं व्हायोलिन सुरू होतं. तिथे आलो. मी हात उचलला.

आणि सगळं थांबलं. स्पीकर गप्प. लाट अर्ध्यावर आलेली, तिथेच.

इराने विचारलं, "बंद पडलं का?" मलाही तोच संशय. मी वायर हलवून बघितली. भाता ओढून बघितला. काही नाही. मग लक्षात आलं, ते बंद पडलेलं नव्हतं. त्याला व्हायोलिन ऐकायचं होतं. मिनू जाऊन इतके दिवस झाले, त्याला कुणी सांगितलं नव्हतं. ते तिची वाट बघत होतं.

इरा रडायला लागली. मीही. आम्ही दोघं त्या अडकलेल्या लाटेसमोर बसून रडलो. मग ही उठली. कोपऱ्यातला व्हायोलिनचा डबा उघडला आणि ते बाहेर काढलं. हिला वाजवता येत नाही, लहानपणी शिकून सोडलेलं. गज घेतलाच नाही. मांडीवर ठेवून अंगठ्याने नुसती एक तार छेडली.

लाट पुढे आली.

स्पीकर बोलायला लागले. मिनूने ठेवलेलं पुढचं सगळं उलगडायला लागलं. इरा माझ्याकडे बघत म्हणाली, "बुवाकाका, त्याला कळलंच नाही. मी आई नाही, हे त्याला कळलंच नाही."

नाही कळलं, पोरी. त्याला तार हवी होती. कुणाची, हे ते विचारत नाही. ते विचारायचं काम आपलं.

मंडळी, मी माझं सांगतो. पुण्याच्या त्या कार्यक्रमात मी पेटी वाजवणार नाही. इरा हो म्हणाली तरी वाजवणार नाही. तिच्याशी बोलणं सोडणार नाही, तिच्या घरी जेवायला जाईन, पण वाजवणार नाही. मिनूने वाजवलेलं कितीही ताणा, कापा, फिरवा, मी पेटी घेऊन बसतो. तिने न वाजवलेलं तिच्या हातात घालू नका. पण उत्तर इराचं आहे. आई तिची आहे. मी शेजारी.

आता मघाशी सूत्रसंचालकांनी सांगितलं की शेवटी दोन मिनिटं स्तब्ध उभं राहायचं. तसं करू नका, बसूनच राहा. इराला विचारून मी एक केलं आहे. बाजूला लॅपटॉप सुरू आहे. मागे कापड आहे. खुर्चीवर मिनूचं व्हायोलिन आहे. मी 'पुळण'मधला माझा शेवटचा भाग वाजवतो. मग ते थांबेल.

तिथून आपली शांतता सुरू. किती वेळ, ते घड्याळावर नाही. इराला वाटलं तर ती तार छेडेल. वाटलं तर लॅपटॉप मिटेल. वाटलं तर सरांना तिथूनच हो म्हणेल. तिला घाई नाही. तोवर कुणाला खोकला आला तर खोका, लहान मूल रडलं तर रडू दे, दाबून धरू नका. ते यंत्र ऐकत असेल तर ऐकू दे. इथे माणसं बसली आहेत एवढं तरी त्याला कळू दे.

मिनू, बरी जा. आबांना भेटशील तेव्हा सांग, शेजारी अजून तसाच आहे, कुणाचंही ऐकत नाही.

इरा, माझ्याकडे बघू नको. कापडाकडेही बघू नको. हां, तशी बस. घेतलंस मांडीवर? मी भाता ओढतो.